अर्धा फेर सैल

१२ मार्च

दादा,

आधी 'प्रिय' लिहिणार होते. पण ते तुझं उत्तर आल्यावर ठरवू.

पत्र बघून हसू नकोस. फोन केला की तू 'गिऱ्हाईक आलंय, नंतर बोलतो' म्हणतोस, आणि तुझं ते नंतर कधी उगवतच नाही. पत्राचं बरं असतं, मधेच कट करता येत नाही. आणि शुद्धलेखन तपासायचं नाही. शाळेने मला सोडलं तेव्हा काकांनी धरलं, आणि काकांनी मला शिलाई मशीन उघडायला शिकवलं, वेलांट्या नाही.

तर मुद्दा. जानेवारीत काका गेले त्या दिवशी तू आलास. सगळे घरात काकूजवळ, आणि तू मात्र दुकानात जाऊन बसलास. एकटा. दार लोटून. मी चहा घेऊन आले तर आतून म्हणालास, 'बाहेर ठेव.' मला वाटलं, रडतोय बिचारा. काकांचा पहिला चेला, त्यांच्याच घरी राहून, काकूच्या हातचं खाऊन मोठा झालेला. रडू दे.

आता मला तसं वाटत नाही.

त्या दिवशी दुकानात दुरुस्त झालेली मशीनं भिंतीला लावून ठेवली होती. सगळी काकांच्या हातची. नंतर मी ती ज्याची त्याला पोचवली. आणि आता ती एकेक करून परत यायला लागलीत. आधी पडदेवाल्याचं आलं. मग पिशव्या शिवणाऱ्या आजींचं. काल कोपऱ्यावरच्या शिंप्याचं. तिघांचं रडगाणं एकच: टाका सुटतो, खाली धाग्याचा गुंता होतो. आणि तिन्हींत एकच स्क्रू ढिला. तोच तो. अर्धा फेर.

काकांच्या हातून? जो माणूस स्क्रू घट्ट केला की त्यावर लाल नेलपॉलिशचा थेंब ठेवायचा, 'थेंब ठेवला की पुढची जबाबदारी आपली' म्हणायचा, त्याच्या हातून?

वर गिऱ्हाइकं काय म्हणतात माहितीये? 'काकांना काही जमलं नाही गं, तू बघ.' एवढं बोलून तिथंच उभी राहतात, माझ्या हाताकडे बघत. पडदेवाला तर गालात हसत होता. काहीतरी शिजतंय.

तू काकूला सांगून गेलास की दुकानातलं सगळं सामान तुझ्या गावी न्यायचं आणि गाळा भाड्याने द्यायचा. शेजारचा मोबाइल कव्हरवाला येता-जाता आमच्या भिंती डोळ्यांनी मोजतो. काकू अजून 'हो' म्हणाली नाही. दुकानाची चावी ती स्वतःजवळ ठेवते, सकाळी मला देते, संध्याकाळी मागून घेते. पण तिने स्पष्ट सांगितलंय, 'यांनी जन्मभर नाव जपलं. मशीनं परत यायला लागली तर मी दुकान दादाच्या हवाली करीन. तुझ्या खोड्यांसाठी नाव घालवायचं नाही मला.'

म्हणजे मशीनं परत आली तर फायदा कोणाचा? मला गणित येत नाही, पण एवढं येतं.

अजून काकूला काही कळू दिलेलं नाही. पडदेवाला सांत्वनाला आला होता असं सांगितलं. ती म्हणाली, 'मशीन डोक्यावर घेऊन?' म्हटलं, दुःखात माणसाला भान नसतं. काकूने चहा टाकला, पण बघितलं माझ्याकडे असं की चहा माझ्याच अंगावर ओततेय की काय.

एकच विचारते. त्या दिवशी तुझ्या खिशात स्क्रूड्रायव्हर होता का?

तुझी (कोण ते ठरायचंय)
चिमटी

---

२० मार्च

चिमटे,

अनेक आशीर्वाद. त्यातला एक तुझं डोकं ठिकाणावर येण्यासाठी.

स्क्रूड्रायव्हर माझ्या खिशात रोजच असतो. तुझ्या खिशात काय काय असतं ते मी कधी विचारलं का? ज्या मुलीने माझ्या धाग्यांच्या खणात रबरी पाल ठेवली, माझ्या पहिल्यावहिल्या गिऱ्हाइकाच्या चहात मीठ घातलं आणि वर 'काकूने घातलं असेल' म्हणाली, तिने दुसऱ्यावर आळ घ्यावा म्हणजे कमाल झाली.

त्या दिवशी मी दुकानात काय करत होतो ते सांगायला मी तुला बांधील नाही. स्टुलावर बसलो होतो. तू ज्याचा एक पाय कापून आखूड केलास त्याच स्टुलावर. काका त्याच्याखाली पुठ्ठा सरकवून वर्षभर बसले, पण तुला रागावले नाहीत. मी असतो तर तुझाच पाय कापला असता.

आता नीट ऐक. शटलजवळचा तो डावा स्क्रू घट्ट कर, वर थेंब ठेव आणि गप्प बस. काकूला सांगायचं नाही. कोणालाच सांगायचं नाही. आणखी कोणाचं मशीन आलं तर आधी मला कळव. गिऱ्हाईक काय काय बोललं तेही कळव.

काकांनी किती जणांना हाताला धरून उभं केलं. घरातून हाकललेल्याला, नापासाला, नवरा गेलेलीला. कोणाकडून कधी काही घेतलं नाही, उलट जाताना पान्ह्यांचा डबा हातात ठेवायचे. अशा माणसाच्या नावाला तुझ्या तोंडामुळे डाग लागायला नको.

दुकानाचं म्हणशील तर दुकान चालवणं म्हणजे कोणाच्या चपला लपवणं नव्हे. सामान इकडे येऊ दे. तूही ये. काम देईन.

दादा

---

२६ मार्च

दादा,

सापडलास.

माझं मागचं पत्र काढ आणि परत वाच. मी 'एकच स्क्रू' लिहिलं होतं. कुठला ते मुद्दाम लिहिलं नव्हतं. मशीनमध्ये स्क्रू काय थोडे असतात? आणि तू तिकडे बसून लिहितोस, 'शटलजवळचा तो डावा'. तो डावा! जसा काही तुझा सख्खा मेहुणा. रबरी पालीनंतर एवढी मजा मला आजच आली.

पण मजा अर्धा दिवसच टिकली.

दुपारी युनिफॉर्मवाली मावशी आली. तीच, अख्ख्या शाळेचे गणवेश शिवते ती, तिच्याकडचं जुनं काळं मशीन. तिचीही तीच तक्रार, वर तेच पालुपद, 'काकांना जमलं नाही गं.' मी मशीन आडवं केलं, बघते तर तोच स्क्रू. पण दादा, तिचं मशीन काकांनी डिसेंबरातच तिला परत दिलं होतं. स्वतः नेऊन. तेव्हा काका चांगले चालते-फिरते होते आणि तू तर दोन वर्षं या रस्त्याला फिरकला नव्हतास. म्हणजे तू नाहीस. चोर पकडला आणि चोरी दुसऱ्याचीच निघाली.

मग या वेळी मी घाई केली नाही. आधीच्या तीन मशीनमध्ये मी स्क्रू ढिला दिसल्या दिसल्या तो पिळून मोकळी झाले होते. या वेळी टॉर्च धरला. थेंब होता. लालभडक, अखंड, अर्धा स्क्रूवर, अर्धा लोखंडावर, कुठे तडा नाही. स्क्रू नंतर फिरला असता तर थेंब फुटला असता ना? म्हणजे स्क्रू आधीपासून ढिलाच होता आणि त्याच्यावर थेंब ठेवलेला. तसा थेंब या गल्लीत एकच माणूस ठेवायचा.

दादा, काकांनीच ढिला ठेवला. जाणूनबुजून. लगेच कळत नाही. खालचा धागा धरणारं शटल हळूहळू सरकतं, आणि दोन-तीन महिन्यांनी टाका सुटायला लागतो. मग गिऱ्हाईक झक मारत परत दारात.

असं का करतात ते मला माहितीये, तुलाही माहितीये. पंख्यावाला करतो, मिक्सरवाला करतो, आणि काका त्यांना शिव्या द्यायचे. फुकट शिकवणं, पान्ह्यांचे डबे वाटणं, मला दोन वेळचं जेवण, हे सगळं त्या अर्ध्या फेरातून यायचं का? मला तर आता काकूकडे बघवतही नाही. आणि तुला हे माहीत होतं. म्हणून 'गप्प बस'. म्हणून सामान हलवायची घाई.

मला राहवलं नाही. मावशीला सांगून टाकलं, 'हा स्क्रू काकांनीच सैल ठेवला होता.' वाटलं, आता ही आकांडतांडव करणार. तर ती म्हणाली, 'मग तुला सापडला ना? झालं तर.' आणि हसत हसत गेली. ही बाईसुद्धा सामील आहे का? कशात?

सहा तारखेला रविवारी सगळे चेले आणि जुनी गिऱ्हाइकं दुकानासमोर जमणार आहेत, काकांची आठवण काढायला. मी शेवटची चेली म्हणून मलाही बोलायचंय. खोटं बोलण्यात माझा हात कोणी धरणार नाही, तुला ठाऊक आहे. पण काकांवर खोटं बोलायचं म्हटलं तर जीभ वळत नाही. देवमाणूस होते म्हणू? का तो थेंब दाखवू? त्या दिवशी संध्याकाळी काकू दुकानाचाही निकाल लावणार आहे, म्हणजे जे बोलेन ते मलाच महागात पडणार.

लवकर लिही. आणि या वेळी खरं.

चिमटी

---

१ एप्रिल

चिमटे,

तारीख बघून शंका घेऊ नकोस. खोड्या हा तुझा प्रांत.

मावशीला बोललीस ते बोललीस. आता दुसऱ्या कोणाला बोलू नकोस. काका फसवे नव्हते. काका विसरायचे.

हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. काकांकडे शिकून मी समोरच्या बाजूला स्वतःचा गाळा घेतला. नवं दुकान, नवी पाटी, आणि गिऱ्हाईक एकही नाही. काकांच्या समोर दुकान टाकणाऱ्या पोराकडे कोण येणार? दिवसभर माशा मारायचो. मग एक दिवस एक बाई मशीन घेऊन आली. 'काकांना जमलं नाही, तू बघ.' उघडलं तर शटलजवळचा डावा स्क्रू ढिला. मी पिळला. मशीन गाऊ लागलं. बाईने गल्लीभर सांगितलं, काकांना जमलं नाही ते या पोराने एका झटक्यात केलं. मग दुसरं मशीन आलं. मग रीघ लागली. दर वेळी तोच स्क्रू.

थेंब मलाही दिसायचा. मला वाटायचं, हात सवयीने थेंब ठेवतो पण पिळायचं राहून जातं. वय झालं, दुसरं काय. मी काय करणार होतो? जाऊन सांगू, की काका, तुम्ही विसरता? एकदा सांगायला गेलोही होतो. त्यांनी चहा मागवला आणि विचारलं, 'धंदा कसा चाललाय?' म्हटलं, बरा चाललाय. तर ते बशीत बघून स्वतःशीच हसले. मी चहा अर्धा टाकून उठलो. म्हटलं, यांना कळतसुद्धा नाहीये.

त्यांच्या चुकांवर माझं दुकान चालत होतं, चिमटे. लोक मला शाबासकी द्यायचे आणि त्यांच्याबद्दल म्हणायचे, 'हात गेला आता म्हाताऱ्याचा.' समोर बसून ते ऐकवत नव्हतं. म्हणून गाव सोडलं. सगळ्यांना वाटलं, दादाला शिंगं फुटली, मोठ्या गावाची हाव सुटली. वाटू दे म्हटलं.

तू त्या दिवशीचं विचारलंस ना? मी दुकानात गेलो तो रांगेतल्या मशीनचे स्क्रू घट्ट करायला. माणूस गेल्यावर तरी त्याचं काम परत येऊ नये म्हणून. पहिलं मशीन आडवं केलं, त्यावर तो थेंब चमकत होता. तो खरवडायचा म्हणजे त्यांच्या हातचं शेवटचं काम खरवडायचं. झालं नाही माझ्याने. तसाच बसून राहिलो. तू चहा आणलास तेव्हा माझा चेहरा बघण्यासारखा नव्हता.

सामान इकडे आणायचं तेही याचसाठी. त्यांची मशीनं बिघडतील ती माझ्याकडेच यावीत, परक्याच्या हातात पडू नयेत.

रविवारी मी येणार नाही. लोकांसमोर त्यांचं कौतुक करायला उभा राहिलो तर तोंडून भलतंच निघायचं. तू देवमाणूस म्हण. विसरणं हा काही गुन्हा नाही.

दादा

---

९ एप्रिल

प्रिय दादा,

'प्रिय' लिहिलंय ते बघितलंस ना? आता बस कुठेतरी. सरळ पायांच्या स्टुलावर बस.

तुझं पत्र शनिवारी आलं. वाचून मी अर्धीअधिक विरघळले. पण माझा स्वभाव तुला ठाऊक आहे, मला फुकटचा चहा दिला तरी मी आधी तो मांजराला पाजून बघेन. मनात आलं, विसरणारा माणूस कधी हा स्क्रू विसरेल, कधी तो. काका कायम तोच कसे विसरायचे? आणि अर्धाच फेर? कधी पाव नाही, कधी पुरा नाही? दादा, एवढं नेमकं विसरायला फार लक्ष लागतं.

रविवारी सगळे जमले. खुर्च्या पुरल्या नाहीत, निम्मे रस्त्यावर उभे. कव्हरवाल्यानेसुद्धा आपलं दुकान बंद ठेवलं, म्हणजे बघ. एकेक जण उठून बोलत होता. काकांनी हे दिलं, काकांनी ते दिलं. माझा नंबर आला. समोर काकू. मी म्हटलं, 'काकांनी मला सगळं शिकवलं, फक्त एक गोष्ट...' आणि अडकले. काकू म्हणाली, 'बोल की. एरवी तर तोंडाला कुलूप नसतं.' मी म्हटलं, 'काकू, मशीनं परत येतायत. पडदेवाला सांत्वनाला आला नव्हता.'

काकू पडदेवाल्याकडे बघायला लागली. तो आपल्या चपलांकडे.

तेवढ्यात मागून युनिफॉर्मवाली मावशी उठली. 'थांब गं बाई, आता तू काहीतरी भलतं बोलून बसशील. मी शब्द दिला होता पण आता मोडते. काका डिसेंबरात मशीन घेऊन आले तेव्हा म्हणाले, मावशी, हे दोन-तीन महिन्यांनी कुरकुरेल. कुरकुरलं की पोरीकडे न्या. मी असलो तरी माझ्याकडे आणायचं नाही, पोरीकडेच. आणि तिला सांगायचं नाही. नुसतं म्हणायचं, काकांना जमलं नाही.'

पिशव्यावाल्या आजी म्हणाल्या, 'मलाही तसंच सांगितलं होतं.' शिंपी म्हणाला, 'आणि गल्लीत सांगत सुटायचं, पोरीने एका झटक्यात केलं म्हणून. मी चौघांना सांगितलं.' पडदेवाल्याने मान वर केली. 'मला हसू आवरत नाही, म्हणून मी कमी बोललो.'

काकू म्हणाली, 'अहो, पण लोक म्हणतील यांचा हात गेला.'

मावशी म्हणाली, 'तेच म्हटलं होतं मी, दादाच्या वेळेला. समोरचा पोरगा माशा मारत बसलाय, म्हणून मला म्हणाले, मावशी, तुमचं मशीन थोडं बिघडवून देऊ का? मी म्हटलं, काका, तुमचं नाव जाईल. तर म्हणाले, माझं नाव मला आता कुठं न्यायचंय? त्याच्या पाटीवर जरा बरं दिसेल.'

दादा, पहिलं मशीन घेऊन तुझ्याकडे आलेली बाई आठवते? ती हीच. अख्ख्या गल्लीला माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त तुला, मला आणि काकूला. आपण तिघं सोडून सगळे त्या खोडीत सामील होते. आणि मी स्वतःला खोडकर समजत होते. माझ्या सगळ्या रबरी पाली त्या माणसापुढे झक मारतात.

काका आपल्याला पहिल्या दिवशी काय शिकवायचे? 'टाका सुटला की आधी शटलजवळचा डावा स्क्रू बघ.' त्यांनी बिघाड तोच निवडला जो आपल्याला डोळे मिटूनही सापडेल. आणि तू त्यांच्यासमोर बसून 'धंदा बरा चाललाय' म्हणालास तेव्हा ते बशीत बघून का हसले, ते आता मी लिहायला नको. तू त्यांची चूक झाकायला गाव सोडलंस. चूक नव्हतीच. तू गेल्यावर ते बरेच दिवस तुझ्या बंद शटरकडे बघत बसायचे, काकू सांगते. त्यांना वाटायचं, आपलं काय चुकलं.

हे तुला टोचेल. टोचू दे. मी परवा दिवसभर काकूसमोर मान वर केली नाही, कारण मी त्यांना पंख्यावाल्याच्या रांगेत बसवलं होतं.

सगळे गेल्यावर काकूने खुर्च्या गोळा केल्या. मला म्हणाली, 'म्हणजे एवढे दिवस मला सांत्वनाच्या थापा मारत होतीस.' म्हटलं, हो. म्हणाली, 'बरं.' मी आत गेले, दिवे बंद केले, दुकानाला कुलूप लावलं आणि चावी द्यायला गेले. ती भांडी घासत होती. मी हात पुढे करून उभी राहिले. तिने हात काही पुसले नाहीत.

चावी माझ्याकडेच आहे. कव्हरवाल्याने भिंती मोजायचं सोडलंय.

आता एक काम आहे. ट्रान्सपोर्टने काकूचं घरचं मशीन पाठवतेय. टाका सुटतो. मी सगळं करून बघितलं, रॉकेलने धुतलं, तेल दिलं, सुई बदलली. मला जमत नाहीये. तुझा हात माझ्यापेक्षा बारीक आहे. तूच बघ.

तुझी
चिमटी

---

१८ एप्रिल

चिमटे,

मशीन पोचलं. दुकानातल्या पोरांना चहाला पाठवलं आणि एकट्यानेच उघडलं.

काकांचा थेंब लाल असायचा. तुझा गुलाबी आहे.

बिघाड मोठा आहे. एका दिवसात होणारा नाही आणि इथं बसूनही होणारा नाही. काकूला सांग, मशीन घेऊन मीच येतोय. स्टुलाखालचा पुठ्ठा तेवढा काढू नकोस.

दादा